एसईसीचं वर्चस्व आणि वर्गातला अभ्यास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एसईसी म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या विद्यापीठांचा खेळांचा गट. त्यातल्या एका विद्यापीठात मी एमएस केलं आणि तिथेच दोन वर्षं टीए (टीचिंग असिस्टंट) म्हणून पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवलं. तेव्हापासून दर उन्हाळ्यात ओळखीच्यांचे फोन येतात. कुणाच्या मुलाला ऑबर्नला ॲडमिशन मिळालेली असते, कुणाची मुलगी गेन्सव्हिलला, फ्लोरिडा विद्यापीठात, निघालेली असते. "अगं, विद्यापीठाचं नाव टाकलं की नुसता फुटबॉलच दिसतो. तिथे शिकवतात ना नीट?" त्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवावीत म्हणून हे पान. खालच्या उत्तरांत फुटबॉल म्हणजे सगळीकडे अमेरिकन फुटबॉल.

एसईसी म्हणजे नेमकं काय?

साउथईस्टर्न कॉन्फरन्स. कॉन्फरन्स म्हणजे एकमेकांशी नियमित सामने खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट. त्याचं वेळापत्रक, पंच, टीव्हीचे करार सगळं एकत्र असतं. १९३२ च्या डिसेंबरात टेनेसीतल्या नॉक्सव्हिल इथे १३ विद्यापीठांनी जुन्या सदर्न कॉन्फरन्समधून बाहेर पडून हा गट काढला. मुख्यालय अलाबामातल्या बर्मिंगहॅमला आहे. आज सदस्य १६ : अलाबामा, ऑबर्न, आर्कन्सॉ, फ्लोरिडा, जॉर्जिया, केंटकी, लुइझियाना स्टेट (एलएसयू), मिसिसिपी, मिसिसिपी स्टेट, मिझुरी, ओक्लाहोमा, साउथ कॅरोलायना, टेनेसी, टेक्सस, टेक्सस ए अँड एम आणि व्हँडरबिल्ट. टेक्सस आणि ओक्लाहोमा अगदी अलीकडचे, जुलै २०२४ मध्ये आलेले. एक व्हँडरबिल्ट सोडलं तर सगळी सरकारी विद्यापीठं.

वर्चस्व म्हणतात ते कितपत खरं आहे?

२००६ ते २०१२ या सलग सात मोसमांत फुटबॉलचं राष्ट्रीय विजेतेपद एसईसीबाहेर गेलं नाही. फ्लोरिडा, एलएसयू, पुन्हा फ्लोरिडा, अलाबामा, ऑबर्न आणि पुढे दोनदा अलाबामा. २०१९ ते २०२२ अशी आणखी चार वर्षं एलएसयू, अलाबामा आणि मग दोनदा जॉर्जिया. २०२३ मध्ये मिशिगन आणि २०२४ मध्ये ओहायो स्टेट जिंकले, म्हणजे मान बिग टेन या दुसऱ्या कॉन्फरन्सकडे गेला, आणि "एसईसीची सद्दी संपली" अशी चर्चा सुरू झाली. पण त्याच सुमारास पुरुषांच्या बास्केटबॉलमध्ये २०२५ च्या राष्ट्रीय स्पर्धेत एसईसीच्या १६ पैकी १४ संघांना प्रवेश मिळाला. असं कुठल्याच कॉन्फरन्सचं आधी झालं नव्हतं, आणि विजेतेपदही फ्लोरिडालाच मिळालं. बेसबॉलमध्ये तर २०१९ पासून २०२५ पर्यंत जेवढ्या स्पर्धा झाल्या तेवढ्या सगळ्या एसईसीने जिंकल्या (२०२० ची कोविडमुळे झालीच नाही). एप्रिल २०२५ मध्ये एनएफएलच्या (व्यावसायिक फुटबॉल लीगच्या) संघांनी एकूण २५७ खेळाडू निवडले, त्यातले ७९ या एका कॉन्फरन्सचे होते.

हे आलं कुठून? दक्षिणेतल्या माणसांना खेळाचं वेड आहे म्हणून?

वेड आहेच. अलाबामा, मिसिसिपी, आर्कन्सॉ या राज्यांत मोठ्या लीगचे व्यावसायिक संघ नाहीत, त्यामुळे विद्यापीठाचा संघ हाच सगळ्या राज्याचा संघ. कधी कॉलेजची पायरी न चढलेला माणूससुद्धा आपल्या संघाचं नाव सांगताना "आम्ही" म्हणतो. टेनेसी, एलएसयू, अलाबामा, टेक्सस आणि टेक्सस ए अँड एम या पाचही ठिकाणच्या मैदानांत एक लाखाहून जास्त माणसं बसतात.

पण वेड १९३२ मध्येही होतं. वर्चस्व आलं ते टीव्हीच्या पैशाने, आणि त्याचं मूळ एका कोर्टाच्या निकालात आहे. १९८४ पर्यंत कुठला सामना टीव्हीवर दाखवायचा, कुणाला किती वेळा दाखवायचं हे एनसीएए ही कॉलेजच्या खेळांचे नियम ठरवणारी राष्ट्रीय संस्था ठरवत असे. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया यांनी त्याविरुद्ध दावा लावला आणि सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी एनसीएएची ही मक्तेदारी मोडून काढली. विरोधात लिहिणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट स्वतः कोलोरॅडो विद्यापीठाचे गाजलेले फुटबॉलपटू होते. कॉलेजचा खेळ शिक्षणाच्या चौकटीत ठेवायचा तर टीव्हीवर लगाम हवा, असं त्यांचं म्हणणं. मला त्यांचं म्हणणं आजही पटतं. दावा लावणारी दोन्ही विद्यापीठं आज एसईसीत आहेत.

निकालानंतर प्रत्येक कॉन्फरन्स आपला माल आपण विकायला मोकळी झाली, आणि १९९० मध्ये एसईसीचे आयुक्त झालेले रॉय क्रेमर यांच्याइतकं हे कुणालाच लवकर कळलं नाही. त्यांनी सदस्य १० वरून १२ केले, गटाचे दोन भाग पाडले आणि १९९२ पासून त्यांच्यात अंतिम सामना सुरू केला. टीव्हीला विकायला आणखी एक मोठा दिवस मिळाला. १९९८ मध्ये राष्ट्रीय विजेता ठरवायची जी नवी पद्धत आली तिच्यामागेही क्रेमरच होते.

किती पैसा आहे यात?

२०२३-२४ या आर्थिक वर्षात एसईसीने आपल्या विद्यापीठांना मिळून ८० कोटी डॉलरहून जास्त रक्कम वाटली. प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी पाच कोटींच्या वर. त्यात तिकिटं, देणग्या, टोप्या-टीशर्ट यांचा पैसा धरलेला नाही, तो ज्याचा त्याचा वेगळा. पूर्वी सीबीएस वाहिनी शनिवारच्या मुख्य सामन्यासाठी वर्षाला साधारण साडेपाच कोटी डॉलर देत असे. २०२४ पासून तेच सामने ईएसपीएन-एबीसीकडे गेले आणि बातम्यांतला आकडा वर्षाला सुमारे ३० कोटी डॉलर झाला.

मग हा पैसा शिक्षणाला मिळतो का?

फार थोडा. खेळाचं खातं बहुतेक ठिकाणी वेगळं असतं, त्याचं देणग्या गोळा करणारं प्रतिष्ठानही वेगळं असतं. आलेला पैसा प्रशिक्षक, मैदानं, सराव-इमारती आणि इतर खेळांवर खर्च होतो. एसईसीच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी : अमेरिकेतल्या कितीतरी लहान विद्यापीठांत खेळाचा तोटा विद्यार्थ्यांच्या फीमधून भरून काढतात, तशी वेळ इथल्या मोठ्या विद्यापीठांवर सहसा येत नाही.

एलएसयूचं उदाहरण थोडं सविस्तर सांगते, कारण या प्रश्नाच्या दोन्ही बाजू त्यात दिसतात. २००८ नंतर लुइझियाना राज्याने उच्च शिक्षणाचं अनुदान वर्षामागून वर्ष कापलं. २०१२ मध्ये एलएसयूच्या क्रीडा विभागाने शिक्षणाच्या खात्यात वर्षाला सुमारे ७२ लाख डॉलर द्यायचं ठरवलं, आणि दिले. असं करणारी विद्यापीठं देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. पण फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्याची तिजोरी रिकामी झाली तेव्हा गव्हर्नर जॉन बेल एडवर्ड्स टीव्हीवर आले. पैसे उभे राहिले नाहीत तर सेमिस्टर अर्धवट थांबेल, मग खेळाडू अपात्र ठरतील आणि पुढच्या मोसमात फुटबॉलला मुकावं लागेल, असं त्यांनी लोकांना सांगितलं. हजारो मुलांचं वर्ष बुडेल एवढं म्हणून भागलं नसतं, हे त्यांना ठाऊक होतं.

तीन वर्षांनी, २०१९ च्या उन्हाळ्यात, त्याच विद्यापीठात २ कोटी ८० लाख डॉलर खर्चून फुटबॉलची इमारत नव्याने सजवली गेली. खेळाडूंच्या लॉकरपुढच्या खुर्च्या विमानातल्या पहिल्या वर्गासारख्या, मागे रेललं की झोपता येईल अशा. पैसा खासगी देणग्यांचा होता, सरकारचा एक डॉलर नाही. पण लॉकररूमचे व्हिडिओ फिरत असतानाच त्याच कॅम्पसवरच्या ग्रंथालयाच्या तळघरात पाणी गळत असल्याचे फोटोही फिरले. ग्रंथालयाला तसे देणगीदार का मिळत नाहीत, हा प्रश्न एलएसयूच्या गावात, बॅटन रूजमध्ये, तेव्हा खूप जणांनी विचारला.

प्रशिक्षकांना खरंच काढून टाकल्यावरही पैसे देतात?

हो. करार मोडल्याची भरपाई. टेक्सस ए अँड एमने नोव्हेंबर २०२३ मध्ये जिम्बो फिशर यांना काढलं तेव्हा देणं होतं साडेसात कोटी डॉलरच्या वर. ऑबर्नने २०२० मध्ये गस माल्झान यांना काढून दोन कोटींहून जास्त देणं पत्करलं आणि दोनच वर्षांत त्यांच्या जागी आणलेल्या माणसालाही काढलं. ज्या विभागात आम्ही टीए लोक दोन-दोन तास प्रिंटरची शाई येण्याची वाट पाहत बसायचो, तिथे बसून असे आकडे वाचणं जड जायचं.

संघ जिंकला की विद्यापीठात प्रवेश घेणारे वाढतात, असं म्हणतात. खरं का?

अर्ज वाढतात, याला बऱ्यापैकी पुरावा आहे. १९८४ मध्ये बॉस्टन कॉलेजच्या डग फ्लूटीने शेवटच्या क्षणी टाकलेल्या एका पासमुळे सामना जिंकला आणि त्यानंतर त्या कॉलेजकडे अर्ज वाढले, म्हणून याला "फ्लूटी परिणाम" म्हणतात.

एसईसीतलं मोठं उदाहरण अलाबामाचं. २००७ मध्ये निक सेबन प्रशिक्षक म्हणून आले तेव्हा टस्कलूसात, म्हणजे अलाबामा विद्यापीठाच्या गावात, विद्यार्थी २५ हजारांच्या आसपास होते, आज ४० हजारांच्या पुढे आहेत. सेबन यांनी तिथे सहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. विद्यापीठाचे त्या काळातले प्रमुख रॉबर्ट विट यांनी सेबन यांच्यावरचा खर्च ही विद्यापीठाची सर्वांत चांगली गुंतवणूक ठरल्याचं जाहीरपणे सांगितलं होतं. निम्म्याहून जास्त विद्यार्थी आता राज्याबाहेरचे आहेत, आणि बाहेरच्या विद्यार्थ्याची फी स्थानिकाच्या जवळपास तिप्पट असते. राज्य सरकारने हात आखडता घेतल्यावर विद्यापीठ याच फीवर उभं राहिलं.

फक्त सगळं श्रेय फुटबॉलला देऊ नका. विटसाहेबांनी देशभर माणसं पाठवून मुलं शोधली, हुशार मुलांना भरघोस शिष्यवृत्त्या दिल्या. टीव्हीवरच्या शनिवारांनी विद्यापीठाचं नाव घरोघरी नेलं, आणि मागोमाग प्रवेश विभागाचा माणूस दारात उभा राहिला. दोन्ही मिळून ते झालं.

माझं सगळं म्हणणं इथेच येऊन थांबतं. खेळामुळे विद्यापीठाचा फायदा झाला, याबद्दल मला शंका नाही. त्या फायद्याची किंमत मात्र खेळणाऱ्या मुलाने आपल्या शिक्षणातून मोजली, आणि ते हिशेबात कुठेच दिसत नाही. पुढची तीन-चार उत्तरं त्याबद्दल आहेत.

खेळाडूंना अभ्यासाला वेळ मिळतो का?

नियमाने मिळायला हवा. १९९१ पासून एनसीएएचा नियम आहे : मोसमात आठवड्याला २० तास आणि दिवसाला चार तास, यापेक्षा जास्त सराव घ्यायचा नाही. आता हे २० तास मोजतात कसे ते बघा. सामन्याचा आख्खा दिवस तीन तास धरतात, मग मुलगा सकाळी सातपासून रात्री बारापर्यंत संघाबरोबर असला तरी. बसचा आणि विमानाचा प्रवास मोजत नाहीत. दुखऱ्या गुडघ्यावर बर्फ लावून बसलेला तास मोजत नाहीत. "ऐच्छिक" व्यायाम मोजत नाहीत, आणि ऐच्छिक व्यायामाला न येणारा मुलगा शनिवारी बाकावर बसतो हे सगळ्यांना माहीत असतं. एनसीएएच्या स्वतःच्या पाहण्यांतही मोठ्या फुटबॉल संघांतल्या मुलांनी २० तासांच्या दुपटीइतका वेळ खेळासाठी जात असल्याचं सांगितलं आहे.

माझ्या सकाळी आठच्या प्रॅक्टिकलला एक आडदांड मुलगा यायचा, संघाच्या आक्रमक फळीतला. पहाटे साडेपाचला व्यायाम करून यायचा. केस ओले, हातात प्रोटीनची बाटली. पहिली वीस मिनिटं तो मन लावून आकडे लिहून घ्यायचा आणि मग पेन हातात तसंच धरून झोपी जायचा. कधी उद्धटपणे बोलला नाही, कधी सवलत मागितली नाही. सेमिस्टरच्या सुरुवातीला क्रीडा विभागाचं पत्र यायचं, त्यात त्याच्या गैरहजेरीच्या तारखा छापलेल्या. त्यात दोन शुक्रवार होते आणि दोन्ही दिवशी माझी चाचणी होती. मी त्याच्यासाठी दुसरा पेपर काढला. तो सोमवारी दुपारी येऊन, सुजलेल्या बोटांनी, वेळ संपेपर्यंत लिहीत बसला. त्याला बी मिळाला. मला आजही वाटतं की त्याला नीट झोप मिळाली असती तर ए होता.

संघातले इतके खेळाडू एकाच विषयाला का दिसतात?

कुठल्याही संघाची यादी उघडा. स्पोर्ट मॅनेजमेंट, कम्युनिकेशन, "जनरल स्टडीज" किंवा तत्सम एखादा विषय पुन्हा पुन्हा दिसेल. लोक पटकन म्हणतात की पोरांना सोपं हवं असतं. ते अर्धंच खरं आहे.

२००३ मध्ये एनसीएएने नियम कडक केले. खेळायचं असेल तर दुसऱ्या वर्षाअखेर पदवीचे ४० टक्के, तिसऱ्याअखेर ६० आणि चौथ्याअखेर ८० टक्के क्रेडिट पूर्ण हवेत. हेतू चांगला होता. मुलगा चार वर्षं खेळून हात हलवत बाहेर पडू नये. पण आता एखाद्याने दुसऱ्या वर्षी ठरवलं की मला मेकॅनिकल इंजिनिअरिंग करायचंय, तर आधीचे कितीतरी क्रेडिट नव्या पदवीत धरलेच जात नाहीत. टक्केवारी खाली येते आणि तो मैदानाबाहेर. साध्या विद्यार्थ्याने विषय बदलला तर एखादं सेमिस्टर वाढतं. खेळाडूने बदलला तर शिष्यवृत्तीच धोक्यात येते.

त्यात प्रयोगशाळा दुपारच्या असतात, आणि सरावही दुपारचाच. नर्सिंगचं रुग्णालयातलं काम, आर्किटेक्चरचा स्टुडिओ, शिक्षकाची प्रत्यक्ष शाळेतली उमेदवारी, हे सगळं त्याच वेळात. त्यामुळे सल्लागार पहिल्याच दिवशी "सरावात न येणारे" विषय पुढे ठेवतो. अठरा वर्षांचा मुलगा, घरात पहिलाच कॉलेजला आलेला. तो सही करतो. त्याला कुणी फसवत नाही, पण त्याच्यापुढे सगळी दारं उघडीही ठेवत नाही.

पण पदवीचे आकडे तर चांगले असतात ना?

दिसतात चांगले. किती खेळाडू पदवी पूर्ण करतात याचा एनसीएएचा स्वतःचा एक दर आहे. चांगल्या स्थितीत संघ सोडून दुसरीकडे गेलेले खेळाडू तो हिशेबातून वगळतो. सरकारचा दर तसं करत नाही, म्हणून तो कमी दिसतो. शिवाय प्रत्येक संघाला १००० पैकी गुण मिळतात. शिष्यवृत्तीवरचा प्रत्येक खेळाडू दर सत्रात दोन गुण मिळवू शकतो, एक पात्र राहिल्याचा आणि एक विद्यापीठात टिकल्याचा. ९३० च्या खाली गेलं तर शिक्षा. ती नुसती धमकी नाही. २०१३ मध्ये कनेटिकट विद्यापीठाच्या पुरुषांच्या नावाजलेल्या बास्केटबॉल संघाला याच कारणाने राष्ट्रीय स्पर्धेबाहेर बसावं लागलं.

या गुणांमुळे सुधारणा झाली हे मी मानते. पण मोजलं जातं ते मुलगा पास झाला का एवढंच. काय शिकला, पुढे त्या पदवीवर काम मिळालं का, हे त्यात येत नाही.

परीक्षेतले आणि गुणांचे घोटाळे खरंच झाले आहेत?

झाले आहेत, आणि सगळ्यात आधी जॅन केम्प यांचं नाव घ्यायला हवं. जॉर्जिया विद्यापीठात कच्च्या विद्यार्थ्यांसाठी जो विशेष अभ्यासक्रम होता, त्यात त्या इंग्रजी शिकवत. १९८१ मध्ये नापास झालेल्या नऊ फुटबॉलपटूंना वरच्या वर्गात ढकललं गेलं. केम्पबाईंनी तोंड उघडलं. आधी पदावरून उतरवलं, मग नोकरीवरून काढलं. त्यांनी दावा लावला. विद्यापीठाच्या वकिलाने कोर्टात केलेला युक्तिवाद असा : हा मुलगा खरा विद्यार्थी होणार नाही कदाचित, पण लिहाय-वाचायला शिकला तर कचरा उचलण्याऐवजी टपाल खात्यात तरी लागेल. १९८६ मध्ये ज्यूरीने केम्प यांना २५ लाख डॉलरहून जास्त भरपाई दिली (नंतर ती कमी झाली), त्यांना नोकरीवर परत घेतलं गेलं आणि विद्यापीठाच्या अध्यक्षांना राजीनामा द्यावा लागला. २००८ मध्ये त्या गेल्या. ज्या मुलांसाठी त्या भांडल्या त्यांना शिकवायचं सोडून पास केलं गेलं, हे त्यांचं दुःख होतं. मुलांविरुद्ध त्यांची तक्रार नव्हती.

अलीकडचंही आहे. मिझुरीत एका ट्यूटरने १२ खेळाडूंचं काम स्वतः केलं आणि शेवटी आपणहून ते कबूल केलं. २०१९ मध्ये फुटबॉल, बेसबॉल आणि सॉफ्टबॉल या तिन्ही संघांवर मोसमानंतरच्या स्पर्धांची बंदी आली. त्याच वर्षी मिसिसिपी स्टेटमध्येही रसायनशास्त्राच्या एका ऑनलाइन कोर्सबाबत असंच प्रकरण निघालं.

मग दोष एसईसीचाच म्हणायचा?

नाही. या सगळ्यांपेक्षा मोठं प्रकरण नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचं आहे, आणि ते एसीसी या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये आहे. तिथे १९९३ ते २०११ अशी १८ वर्षं वर्गच न भरणारे कोर्स चालले, तीन हजारांहून जास्त विद्यार्थ्यांनी घेतले, त्यात जवळपास निम्मे खेळाडू. २०१७ मध्ये एनसीएएने शिक्षा केली नाही, कारण ते कोर्स खेळाडू नसलेल्यांनाही खुले होते. विद्यापीठ म्हणून नॉर्थ कॅरोलायनाचं नाव एसईसीतल्या बहुतेकांपेक्षा वर घेतलं जातं, हेही लक्षात ठेवावं.

एसईसीचा वाटा वेगळा आहे. ती सगळ्यात पुढे असल्यामुळे बाकीचे तिच्या मागे धावतात. तिने सदस्य वाढवले की इतरांनी वाढवले, तिने पगार वाढवले की इतरांनी वाढवले. २०२४ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरची पॅक-१२ कॉन्फरन्स जवळजवळ मोडून पडली. स्टॅनफर्ड आणि बर्कली आज अटलांटिक किनाऱ्याच्या कॉन्फरन्समध्ये खेळतात, तर लॉस एंजेलिसच्या यूसीएलएची मुलं सामन्यांसाठी न्यू जर्सीपर्यंत जातात. त्या मानाने एसईसीची विद्यापीठं एकमेकांना जवळ आहेत. पोहणाऱ्या किंवा व्हॉलीबॉल खेळणाऱ्या मुलींचे वर्ग इथे कमी बुडतात.

कृष्णवर्णीय खेळाडूंचा मुद्दा सारखा का येतो?

कारण तो या विषयाच्या मुळाशी आहे. ही तीच विद्यापीठं, ज्यांच्यापैकी अलाबामाच्या दारात १९६३ मध्ये त्या राज्याचे गव्हर्नर कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना अडवायला उभे राहिले होते. एसईसीच्या फुटबॉल सामन्यात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू उतरला १९६७ मध्ये, केंटकीचा नेट नॉर्दिंग्टन. त्याच मोसमात व्हँडरबिल्टकडून पेरी वॉलेस बास्केटबॉल खेळू लागले. प्रेक्षकांच्या शिव्या आणि धमक्या झेलत त्यांनी इंजिनिअरिंगची पदवी घेतली, पुढे कोलंबिया विद्यापीठात कायदा शिकले आणि कायद्याचे प्राध्यापक झाले.

आज मैदानात बहुसंख्य तेच आहेत, वर्गात नाहीत. मोठ्या पाच कॉन्फरन्सचा २०१८ मधला एक अभ्यास सांगतो की तिथल्या पदवीच्या विद्यार्थ्यांत कृष्णवर्णीय तरुण २.४ टक्के, पण फुटबॉल आणि बास्केटबॉलच्या संघांत निम्म्याहून जास्त. आणि देशभरातल्या कॉलेज फुटबॉलपटूंपैकी एनएफएलमध्ये पोहोचणारे शंभरात दोनही नसतात. एसईसीत हे प्रमाण जास्त आहे, पण तिथेही बहुतेकांना २२ व्या वर्षी दुसरं काम शोधावंच लागतं. तेव्हा हातात पदवी कुठली आहे, याला महत्त्व येतं.

आता तर खेळाडूंना पैसे मिळतात. मग तक्रार कसली?

मिळायलाच हवेत, इतकी वर्षं मिळाले नाहीत हाच अन्याय होता. जुलै २०२१ पासून आपल्या नावावर जाहिराती घ्यायची मुभा मिळाली. जून २०२५ मध्ये कोर्टाने मान्य केलेल्या तडजोडीमुळे विद्यापीठं आता थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी प्रत्येकी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत.

अभ्यासाच्या बाजूने अडचण दुसरी आहे. आता दरवर्षी संघ बदलता येतो. चार वर्षांत तीन विद्यापीठं झालेला मुलगा प्रत्येक ठिकाणी क्रेडिट गमावतो, कारण प्रत्येक विद्यापीठाला पदवीचा ठरावीक भाग आपल्याकडेच केलेला हवा असतो. पैसा त्याला आज मिळतो, पदवी मात्र लांबत जाते. करारातच "खेळ संपल्यावरही पदवी होईपर्यंतची फी आम्ही भरू" असं लिहून घ्या, असं मी कुठल्याही पालकाला सांगेन.

न खेळणाऱ्या विद्यार्थ्यांच्या अभ्यासावर काही परिणाम होतो का?

ओरेगन विद्यापीठातल्या अर्थशास्त्रज्ञांनी हे तपासलं. ज्या सत्रांत फुटबॉल संघ जास्त जिंकला, त्या सत्रांत मुलांचे गुण मुलींच्या तुलनेत घसरले. पार्ट्या वाढल्या, अभ्यास कमी झाला, असं मुलांनीच सांगितलं. ओरेगन एसईसीत नाही, पण ज्यांनी टस्कलूसातला किंवा जॉर्जिया विद्यापीठाच्या अथेन्समधला फुटबॉलच्या मोसमातला ऑक्टोबर पाहिलाय त्यांना याचं नवल वाटणार नाही.

एसईसीची विद्यापीठं शिक्षणात कमी प्रतीची आहेत का?

अजिबात नाहीत. अमेरिकेतल्या आघाडीच्या संशोधन विद्यापीठांची एएयू नावाची संघटना आहे. एसईसीतली पाच तिची सदस्य आहेत : व्हँडरबिल्ट, फ्लोरिडा, मिझुरी, टेक्सस आणि टेक्सस ए अँड एम. बिग टेनमध्ये मात्र नेब्रास्का सोडून सगळीच आहेत, तो फरक आहे. पण एमएसला जाताना कॉन्फरन्स बघू नका, विभाग बघा, प्राध्यापक बघा.

एक जुनी हकिकत सांगाविशी वाटते. मूळ १३ सदस्यांत टेनेसीच्या डोंगरावरचं सवानी नावाचं छोटं विद्यापीठ होतं. कॉन्फरन्समधला फुटबॉलचा एकही सामना त्यांना जिंकता आला नाही, ३७ च्या ३७ हरले. १९४० मध्ये ते बाहेर पडले आणि शिकवण्यावर लक्ष दिलं. आजवर दोन डझनांहून जास्त ऱ्होड्स स्कॉलर (ऑक्सफर्डला शिकायची मानाची शिष्यवृत्ती मिळवणारे) तिथून निघाले. सगळ्यांनी बाहेरच पडायला हवं असं नाही. व्हँडरबिल्ट राहिलं. २००३ मध्ये कुलपती गॉर्डन गी यांनी स्वतंत्र क्रीडा विभागच बरखास्त करून तो विद्यार्थी-जीवनाच्या कार्यालयात विलीन केला. आता संपलं म्हणणाऱ्यांना त्याच विद्यापीठाने २०१४ आणि २०१९ ची बेसबॉल विजेतेपदं दाखवली. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांनी पहिल्या क्रमांकाच्या अलाबामाला ४०-३५ हरवलं, तेव्हा मुलांनी गोलपोस्ट उपटून खांद्यावरून शहरभर मिरवत कंबरलंड नदीत नेऊन सोडला.

खेळ आणि अभ्यास दोन्ही साधलेलं कुणी आहे?

आहेत. जॉश डॉब्स टेनेसीचा क्वार्टरबॅक (संघाच्या आक्रमणाचा सूत्रधार) असताना एरोस्पेस इंजिनिअर झाला. अलाबामाच्या बॅरेट जोन्सने तीन विजेतेपदांसोबत अकाउंटिंगची पदवी आणि पदव्युत्तर पदवी घेतली. त्यांचं कौतुक जरूर करा, पण त्यांच्याकडे बोट दाखवून "बघा, जमतं" म्हणू नका. त्यांचे प्रशिक्षक आणि प्राध्यापक दोघांनी वेळापत्रक वाकवलं, तेव्हा ते जमलं.

आमची मुलगी टेक्सस ए अँड एमला एमएसला निघालीय. तिने काय लक्षात ठेवावं?

पाठवा बिनधास्त. कॉलेज स्टेशनला (हे विद्यापीठाच्या गावाचं नाव) मराठी मुलं भरपूर आहेत. ऑगस्टमध्ये पोहोचल्यावर फुटबॉलच्या घरच्या सामन्यांच्या तारखा आधी कॅलेंडरवर टाकायला सांगा. त्या शनिवारी पार्किंग मिळत नाही, हॉटेलं दुप्पट-तिप्पट दराने जातात, ह्यूस्टनहून येणारा रस्ता तुंबतो. तुम्ही भेटायला जाणार असाल तर ते आठवडे टाळा. टीए झाली तर क्रीडा विभागाकडून गैरहजेरीची पत्रं येतील. ती तारखेसकट फाइलला लावावीत, आणि गुणांबद्दल कुणी फोन केला तर उत्तर स्वतः न देता प्राध्यापकांकडे पाठवावं. आणि एकदा तरी काइल फील्डवर, म्हणजे विद्यापीठाच्या फुटबॉल मैदानावर, सामना बघायला जाऊ दे. तिथे विद्यार्थी पूर्ण सामना उभ्याने बघतात, चार तास, तेव्हा पायात चांगले बूट हवेत.